एक खण रिकामा

दुपारचे साडेतीन. बार अजून उघडायचा आहे.
बाहेर सुपीरियर सरोवर काठाकडून गोठत चाललंय
आणि आर्विड निएमी, वय एकाहत्तर,
लॉर्नाच्या रॅकमागे गुडघे टेकून,
टॉर्च दातांत धरून शोधतोय
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय.

घोडं म्हणजे ही घरघर.
साठ हर्ट्झची. पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या
फटीत राहणारी, कुठल्याच सुराची नसलेली.
लॉर्ना वाजवत असते तेव्हा दबून असते.
थांबली, पाण्याचा घोट घेतला, की हजर.
संथ गाण्यात ती जिथे श्वासापुरती जागा सोडते
तिथे ही आधीच पाय पसरून बसलेली.
गिटार खिडकीकडे वळवली की कमी,
फ्रीजकडे वळवली की जास्त.
आठवडाभर ताकास तूर लागू दिली नाही.

"हा इथे कुणी बसवला?"
आर्विड टॉर्च काढून विचारतो.
हा म्हणजे पॉवर कंडिशनर,
वरून दुसऱ्या खणात,
प्रीअँपच्या मांडीला मांडी लावून.
"पोटात केवढा ट्रान्सफॉर्मर आहे याच्या!
वीज गाळतो, कबूल,
पण अंगातून चुंबक गळतं त्याचं काय?
शेजारचा तर कुजबुजही ऐकतो
आणि शंभरपट करून सांगतो."

लॉर्ना लगेच बोलत नाही.
"हार्लनने," मग म्हणते.

रॅक हार्लनने भरला होता, सहा वर्षांपूर्वी,
डुलूथच्या गॅरेजमध्ये, उणे वीसमध्ये, हातमोजे न घालता,
तेव्हा ते नवरा-बायको होते.
या डब्याला समोर दोन छोटे दिवे आहेत,
ओढले की बाहेर येतात, मान वाकवतात.
तिला अंधारात आकडे दिसत नाहीत,
म्हणून दिव्यांखाली प्रीअँप.
इतकंच.
मी बीअरच्या झाकणात स्क्रू धरून उभी आहे,
माझ्याकडे कुणी बघत नाहीये,
आणि मला वाटतं बरंय.

मग सगळं उतरवलं.
कंडिशनर तळाला, दूर डावीकडून त्याच्या तारा,
आवाजाच्या तारा उजवीकडून,
"आणि ओलांडायची वेळ आलीच
तर काटकोनात ओलांडायचं,
सोबतीने चालायचं नाही," आर्विड म्हणाला,
चाळीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर
वायरमन होता, त्याला एवढंच तत्त्वज्ञान येतं.
वरचा दुसरा खण तसाच ठेवला.
काळी पट्टी लावू का विचारलं मी.
"राहू दे. हवा लागेल."

चालू केलं.
आर्विडला वरचे सूर आता ऐकू येत नाहीत,
त्याने स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.
"उतरला," म्हणाला.
पूर्ण नाही. फ्रीजची थोडी भुणभुण होती,
ती फ्रीजचीच, तिला काय करणार.

दिवे आता घोट्यापाशी, जमिनीला उजेड देत.
लॉर्नाने पर्समधून नखांचं पांढरं पॉलिश काढलं
आणि एकेका बटणावर, चष्मा कपाळावर सरकवून,
एक एक ठिपका दिला.
पाचव्या बटणावर हात हलला, ठिपक्याची रेघ झाली.
पुसली नाही.

रात्री चाळीसेक माणसं. संथ गाणं चौथं.
ती त्या जागेवर आली, थांबली,
आणि तिथे कोणीच बसलेलं नव्हतं.
इतकं रिकामं, की काउंटरवर
कुणीतरी नाणं ठेवलं ते मागेपर्यंत ऐकू आलं.
पुढचा स्वर यायला हवा होता.
ड्रमरने मान वर केली.
ती रॅककडे बघत होती,
पाठीमागे, वरून दुसऱ्या खणाकडे,
जरा जास्तच वेळ.

मग वाजवलं.